पेज होऊ न देता: स्टार्चवर अल्ट्रासाउंडचा पहिला प्रयोग

मी पहिल्यांदा स्टार्चवर अल्ट्रासाउंड चालवला तेव्हा पेज केली. अक्षरशः. बीकरमध्ये मक्याच्या स्टार्चचं शंभर मिली दुधाळ पाणी, त्यात सोनिकेटरचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज (अल्ट्रासाउंड) पाण्यात सोडणाऱ्या यंत्राचा, प्रोब सोडलेला, यंत्र सत्तर टक्क्यांवर, आणि मी पंधरा मिनिटांसाठी चहाला. परत आले तर बीकरला हात लावता येईना आणि आतलं दूध लापशीसारखं घट्ट. केवढा हा बदल, म्हणून कौतुकाने सरांना दाखवायला नेलं. त्यांनी काचेची कांडी फिरवून उचलली, ओघळ पाहिला आणि म्हणाले, "अगं, हे गॅसवर तीन मिनिटांत झालं असतं. मीठ-जिरं घाल आणि पिऊन टाक."

तेव्हापासून प्रोजेक्टला येणाऱ्या मुलामुलींना मी एकच गोष्ट आधी सांगते. सोनिकेटर आवाज देतो तशी उष्णताही देतो, आणि उष्णतेने स्टार्च बदलतो हे मोदकाची उकड काढणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आवाजाने नेमकं काय केलं हे कळायचं असेल तर उष्णतेचा वाटा वेगळा काढावा लागतो. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

आधी स्टार्च ओळखा

घरी कुरडया करताना पाहिलं असेल तर निम्मं काम झालं. गहू तीन दिवस भिजवून वाटतात, चोथा पिळून काढतात आणि ते पाणी रात्रभर तसंच ठेवतात. सकाळी वर पिवळसर निवळी आणि तळाला घट्ट बसलेला पांढराशुभ्र चीक. हा चीक म्हणजे गव्हाचा स्टार्च. थंड पाण्यात तो विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि मग साका धरतो, कारण तो सुट्या कणांचा बनलेला असतो. रोजच्या धान्यांत तांदळाचे कण सगळ्यांत बारीक, साधारण ३ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मक्याचे ५ ते २५. बटाट्याचे मोठे, काही तर १०० मायक्रॉनपर्यंत. साबूदाणा ज्यापासून करतात त्या टॅपिओकाचे मधल्या मापाचे.

कणाच्या आत दोन प्रकारच्या साखळ्या असतात, दोन्ही ग्लुकोजच्याच. ॲमिलोज बहुतांशी सरळ, ॲमिलोपेक्टिन झाडासारखं फांद्याफांद्यांचं. नेहमीच्या स्टार्चमध्ये ॲमिलोज २० ते ३० टक्के असतं. वॅक्सी म्हणून जो मका किंवा तांदूळ मिळतो त्यात जवळजवळ नसतंच. कणात काही थर शिस्तीत रचलेले, स्फटिकासारखे, काही विस्कळीत. आवाजाचा घाव आधी विस्कळीत भागावर बसतो, एवढं लक्षात ठेवा.

पाणी तापवत नेलं की ठरावीक तापमानाला कण फुगतात, रचना मोडते, दाटपणा येतो. मक्याला हे साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला होतं, बटाट्याला थोडं आधी, तांदळाला जातीप्रमाणे बऱ्याचदा नंतर. कच्च्या स्टार्चवर काम करताना पाणी या पट्ट्याच्या आसपासही जाता कामा नये. मी ४० अंशांची लक्ष्मणरेषा आखते. कुठल्याही स्टार्चला ती चालते.

आवाज करतो काय

भाऊच्या धक्क्यावर दुरुस्तीला काढलेल्या बोटीचा पंखा कधी जवळून पाहा. पात्यांना देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसतात. सगळा दोष गंजाचा नसतो. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या मागे दाब इतका उतरतो की पाण्यात पोकळ बुडबुडे होतात आणि दाब परत आला की ते आतल्या आत कोसळतात. कोसळताना बसणारा तडाखा धातू कुरतडतो. अशी पोकळी कोसळताना केवढा दाब निर्माण होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडलं. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

सोनिकेटर हेच करतो, फक्त पंखा न फिरवता. प्रोबचं टोक सेकंदाला २०,००० वेळा, म्हणजे २० किलोहर्ट्झने, मागेपुढे हलतं. सोनोग्राफीतला अल्ट्रासाउंड याचाच भाऊबंद, पण त्याची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असते आणि ऊर्जा अगदी कमी. त्याचं काम नुसतं पाहायचं असतं. आपल्या यंत्रात बुडबुडा कोसळतो तेव्हा त्याच्या पोटात क्षणभर काही हजार अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब असतो. बुडबुडा कणाजवळ असेल तर पाण्याची बारीक पिचकारी कणावर आदळते. पृष्ठभागावर खड्डे पडतात, चिरा जातात. पाण्यात असलेल्या लांब साखळ्या या ओढाताणीत तुटतात, आणि तुटतात त्याही बहुतेक मध्यावर, दोरीची रस्सीखेच केल्यासारख्या. शिवाय पाण्याच्या रेणूंचे तुकडे होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार क्रियाशील तुकडे तयार होतात आणि तेही साखळ्यांना त्रास देतात.

साखळी ठरावीक लांबीपर्यंत आखूड झाली की रस्सीखेच तिला तोडू शकत नाही. त्यामुळे तुम्ही तासभर यंत्र चालवलंत तरी स्टार्चची साखर होत नाही. ते काम लाळेतल्या अमायलेज या एन्झाइमचं.

सामान

बीकर, थर्मामीटर, सेंट्रिफ्यूजच्या नळ्या, आयोडीन यासाठी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला एक फेरी पुरते. सोनिकेटर विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, कॉलेजचाच वापरा. तिथे दोन प्रकार भेटतील. एक बाथ: स्टीलची टाकी, चष्मे धुवायच्या यंत्राची थोरली बहीण. दुसरा प्रोब: टायटॅनियमची दांडी थेट नमुन्यात. बाथमध्ये ऊर्जा सगळ्या टाकीत वाटली जाते आणि सगळीकडे सारखी नसते. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा त्यात उभा धरून मिनिटभर चालवा. जिथे फॉइलला भोकं पडतील तिथे जोर आहे, तिथेच फ्लास्क टांगा. पहिल्या प्रयोगाला मात्र मी प्रोबच सुचवते. फरक दिसतो आणि मोजता येतो.

प्रोब लावण्याआधी त्याचं टोक उजेडात धरून पाहा. आरशासारखं असेल तर ठीक. करडं, खरखरीत, खड्डे पडलेलं असेल तर ते घासून सपाट करून घ्या किंवा बदला, कारण झिजलेलं टायटॅनियम तुमच्या नमुन्यात उतरतं. एका उन्हाळ्यात माझा तांदळाचा स्टार्च प्रत्येक वेळी राखाडी यायचा. दोन आठवडे मी स्टार्चच्या पुरवठादाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चूक माझ्या डोळ्यांसमोर बीकरमध्ये बुडालेली होती. असा नमुना खायच्या पदार्थात घालून चाखू नये, हे ओघाने आलंच.

आणखी तीन गोष्टी, घाईने सांगते पण घाईने वाचू नका. प्रोब हवेत कधीच चालू करू नका. टोक काचेला टेकू देऊ नका. आणि कानावर इअरमफ घाला: २० किलोहर्ट्झ ऐकू येत नसला तरी त्याच्या जोडीने येणारी किंकाळी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी असते, आणि ती रोज ऐकणं कानांना परवडत नाही.

यंत्राचे खरे वॅट काढा

पॅनलवर "७० टक्के" दिसतं. ते ७० टक्के कशाचे, हे दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला कळत नाही. पाण्यात प्रत्यक्ष किती ऊर्जा उतरते ते मोजायला पाच मिनिटं लागतात. १०० ग्रॅम साधं पाणी घ्या, बर्फ नको, बीकरभोवती थर्माकोल गुंडाळा, प्रोब दोन सेंटिमीटर बुडवा आणि ठरवलेल्या सेटिंगवर दोन मिनिटं सलग चालवा. समजा पाणी २५ वरून ३५ अंशांवर गेलं. वजन गुणिले ४.१८ गुणिले तापमानातला फरक, भागिले सेकंद: १०० × ४.१८ × १० ÷ १२० म्हणजे जवळजवळ ३५ वॅट. वहीत हाच आकडा लिहायचा, टक्के कंसात.

कॅव्हिटेशन होतंय की नुसतं ढवळलं जातंय, अशी शंका आली तर पोटॅशियम आयोडाइडचं फिकं द्रावण घेऊन त्यावर प्रोब चालवा. रॅडिकलमुळे आयोडीन सुटं होतं आणि पाणी पिवळसर पडतं. त्यात स्टार्चच्या पाण्याचा थेंब टाका, निळं होईल. ज्याच्यावर प्रयोग करायचा तोच इथे साक्षीदार होतो, ही गंमत मला अजून आवडते.

प्रत्यक्ष प्रयोग

स्टार्च आधी कोरडा धरून मोजा. दुकानातल्या स्टार्चमध्ये साधारण १२ टक्के ओलावा असतो, आणि मुंबईच्या जुलैत उघडी राहिलेली पिशवी हवेतलं आणखी पाणी ओढून घेते. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा काढा. तो १२ टक्के निघाला तर १० ग्रॅम कोरड्या स्टार्चसाठी ११.३६ ग्रॅम घ्यायला हवा. हा हिशोब चुकला की पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, आणि चूक कुठे झाली ते कधीच सापडत नाही.

आता एकाच पिशवीतून, एकाच दिवशी, तीन बीकर करा. प्रत्येकात १० ग्रॅम कोरडा स्टार्च आणि डिस्टिल्ड पाणी मिळून १०० ग्रॅम. पहिल्याला काहीच करायचं नाही, नुसता ठेवायचा. दुसरा मॅग्नेटिक स्टररवर, आवाजाशिवाय, पण तिसऱ्याइतकाच वेळ आणि तितक्याच तापमानात. तिसरा प्रोबखाली. पहिले दोन म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठी. नवी मुलं हमखास दुसरा बीकर गाळतात, वेळ वाचतो म्हणून. त्याच्याशिवाय तिसऱ्यात दिसलेला फरक भिजण्याचा, ढवळण्याचा की आवाजाचा, हे सांगता येणार नाही.

तिसरा बीकर बर्फाच्या पाण्यात बसवा. खाली छोटा स्टरर फिरता ठेवा, नाहीतर साका तळाला बसेल आणि आवाज नुसत्या निवळीवर पडेल. प्रोब मध्यभागी, दोन सेंटिमीटर आत. जास्त वर राहिला तर हवा ओढून फेस करतो. पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद अशी लय लावा. निव्वळ १० मिनिटांसाठी घड्याळात २० मिनिटं जातील. थर्मामीटर आतच ठेवा आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. ३८ दिसला की थांबा, बर्फ घाला, मग पुढे. बर्फाचा आणखी एक फायदा आहे: पाणी गरम असलं की बुडबुड्यात वाफ भरते, ती उशीसारखी मध्ये येते आणि कोसळण्याचा जोर मंदावतो. थंड पाण्यात तडाखा कडक बसतो.

आणि हो, चहाला जायचं नाही.

झाल्यावर तिन्ही बीकर सेंट्रिफ्यूज करा. वरची निवळी फेकू नका, मापून ठेवा. साखळ्यांचे सुटलेले तुकडे तिच्यात असतात. साका पातळ थरात पसरून ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. पावसाळ्यात खिडकीत वाळवायचा विचारही नको, ओला चीक इथे एका रात्रीत आंबतो. वाळला की खलात हलक्या हाताने मोडून १०० मेशच्या चाळणीतून काढा. जोर लावून कुटलात तर कण कुटण्यानेच फुटतील आणि श्रेय आवाजाला जाईल.

काय पाहायचं

आधी मायक्रोस्कोप. पाण्याच्या थेंबात चिमूटभर स्टार्च, वर कव्हरस्लिप. दोन पोलरॉइड फिल्म मिळाल्या तर एक खाली, एक वर आडवी धरा: प्रत्येक कणावर काळी फुली दिसते. अल्ट्रासाउंड दिलेल्या नमुन्यातही बहुतेक कणांवर ती टिकून असायला हवी. फुल्या गायब असतील तर शिस्तीचे थर मोडलेत, म्हणजे तुम्ही नमुना शिजवलात, परत सुरुवात. साध्या मायक्रोस्कोपखाली खड्डे क्वचितच दिसतात, त्याला एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, लागतो. एक्स-रे डिफ्रॅक्शनची सोय असेल तर स्फटिकांचा प्रकार सहसा तोच राहिलेला आणि त्यांचं प्रमाण थोडंसं उतरलेलं आढळेल.

मग फुगण्याची आणि विरघळण्याची चाचणी. वजन केलेल्या सेंट्रिफ्यूज नळीत ०.५ ग्रॅम कोरडा स्टार्च आणि २० मिली पाणी, ८५ अंशांवर अर्धा तास, मधूनमधून हलवत. थंड करून १००० g वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने) १५ मिनिटं फिरवा. वरचं पाणी वजन केलेल्या वाटीत ओतून वाळवा. समजा वाटीत ०.०५ ग्रॅम उरलं आणि नळीत ६ ग्रॅम जेल. विद्राव्यता १० टक्के. फुगण्याचा आकडा ६ ÷ (०.५ − ०.०५), म्हणजे १३.३. अल्ट्रासाउंडनंतर हे दोन्ही आकडे बहुधा वाढतात, कारण चिरांमधून पाणी सहज आत शिरतं आणि तुटलेल्या साखळ्या सहज बाहेर पडतात. "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. स्टार्च कुठला, किती दाट, किती वेळ, किती वॅट यावर उत्तर फिरतं. फार वेळ चालवलं की फुगणं उलट कमी होतानाही दिसतं, कारण पाणी धरून ठेवायला कणच धड उरत नाही.

दाटपणा आरव्हीएवर (रॅपिड व्हिस्को ॲनालायझर, खळ शिजताना तिचा दाटपणा मोजणारं यंत्र) मोजता आला तर उत्तम. नसेल तर तिन्ही नमुन्यांची ५ टक्क्यांची खळ करा, ९५ अंशांवर दहा मिनिटं ढवळत ठेवा, उडालेल्या पाण्याची भरपाई करा, ५० अंशांवर आणा आणि रंगवाल्यांच्या फोर्ड कपातून (तळाला भोक असलेल्या मापाच्या पेल्यातून) गळायला किती सेकंद लागतात ते मोजा. एवढ्यावरही फरक कळतो. आवाज दिलेली खळ पातळ आणि काचेसारखी जास्त स्वच्छ निघते. अमायलेजही अशा कणांवर लवकर चालतं, त्याला आयती दारं उघडी मिळतात.

शिजवून मग आवाज

कच्च्या कणांवरचा परिणाम पाहून कुणी हिरमुसलं, तर मी हा दुसरा मार्ग दाखवते. ५ टक्के स्टार्च आधी रीतसर शिजवा, कांडीवरून गाठीगाठीने पडेल इतका दाट. मग ६० अंशांच्या आसपास धरून त्यात प्रोब सोडा. पहिलं मिनिट काही होत नाही, दाट पदार्थात आवाज टोकाजवळच अडकतो. म्हणून बीकर हळूहळू फिरवत राहा. मग टोकाभोवती एक पातळ भोवरा दिसतो, तो रुंदावतो, आणि काही मिनिटांत अख्खी खळ पाण्यासारखी हिंदकळायला लागते. एक थेंब आयोडीन टाका: रंग अजून निळाच. साखळ्या आखूड झाल्या, पण रंग धरण्याइतक्या लांब आहेत. इथे कण आधीच फुटलेले असल्याने साखळ्या उघड्यावर असतात, म्हणून परिणाम एवढा मोठा दिसतो. कंट्रोल इथेही हवाच: तशीच खळ, ६० अंशांवर, तेवढाच वेळ, नुसती ढवळलेली.

ही पातळ खळ पाहिली की मला आजोबा आठवतात. गिरणगावातल्या एका गिरणीत ते सायझिंग खात्यात होते. ताण्याच्या सुताला खळ चढवायची तर ती पातळ हवी, नाहीतर धाग्याच्या आत शिरत नाही. पण तिच्यात स्टार्च भरपूर हवा, नाहीतर धागा मागावर तुटतो. असा "पातळ उकळणारा" स्टार्च उद्योगात आम्ल वापरून करतात. खायच्या पदार्थात तो आला तर लेबलवर १४०१ हा क्रमांक असतो. सॉसच्या बाटलीवर १४२२ किंवा १४४२ दिसलं तर तेही रसायनांनी बदललेले स्टार्चच, फक्त वेगळ्या कामाचे. अल्ट्रासाउंडमध्ये पाणी आणि वीज सोडून काही घालावं लागत नाही आणि नंतर आम्ल मारून धुवत बसावं लागत नाही, म्हणून लोकांना त्याचं आकर्षण आहे.

मग कारखाने ते का वापरत सुटले नाहीत? प्रोबचा जोर टोकापासून दोन-चार सेंटिमीटरांत संपतो. शंभर मिलीचं ठीक, हजार लिटरच्या टाकीत प्रोब म्हणजे विहिरीत चमचा. त्यासाठी पाणी टोकाजवळून वाहतं ठेवणारे फ्लो सेल वापरतात. दुसरा रस्ता आवाजच सोडून देण्याचा: पंपाने द्रव अरुंद भोकातून दामटायचा, पलीकडे दाब उतरला की तेच बुडबुडे तयार होतात. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या, मुंबई विद्यापीठाच्या जुन्या यूडीसीटीत, प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी या हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशनवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मोठ्या प्रमाणावर जायचा विचार असेल तर मुंबईकराने आधी तिकडचं वाचावं.

वही

काम संपलं की प्रोब नुसत्या पाण्यात अर्धा मिनिट चालवा, पुसा, टोक परत उजेडात बघा. टोकावर स्टार्च वाळला तर तो काढताना कुणीतरी चाकू घेतोच.

आणि नोंद त्याच दिवशी करा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "मका, ओलावा १२ टक्के, १० ग्रॅम कोरडा, एकूण १०० ग्रॅम. २० किलोहर्ट्झ, प्रत्यक्ष ३५ वॅट (पॅनल ७० टक्के). ५ चालू ५ बंद, निव्वळ १० मिनिटं, कोरड्या स्टार्चच्या ग्रॅमला २.१ किलोज्यूल. तापमान सुरुवातीला १८, सर्वाधिक ३६. दोनदा बर्फ घातला. फुल्या शाबूत. कंट्रोल २ सोबत. पेज झाली नाही."